उपरी : फादर थॉमस स्टीफन्स यांचे चरित्र

ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव मराठी भाषिक ख्रिस्ती माणसाला नव्याने सांगावे लागत नाही. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या अनेकांनी शाळेत ऐकलेल्या असतात. एका इंग्रजाने आपल्या भाषेचे इतके कौतुक केले याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि बहुतेकदा आपण तिथेच थांबतो. हा माणूस इथे आला तेव्हा त्याचे येथील स्थान काय होते, कोणाच्या आश्रयाने तो आला, ज्यांच्यामध्ये राहिला त्यांनी त्याला काय मानले, हे प्रश्न मागे राहतात. पवित्र शास्त्रातील परक्या माणसाविषयीचे नियम वाचताना ते पुन्हा समोर येतात, म्हणून हे चरित्र त्या अंगाने सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आपल्या मराठी बायबलमध्ये जुन्या करारात एक शब्द वारंवार भेटतो, उपरी. मूळ हिब्रू शब्द गेर असा आहे. मराठी अनुवादकांनी निवडलेला हा शब्द फार नेमका आहे. आपल्याकडील जुन्या गावगाड्यात शेतकऱ्यांचे दोन वर्ग असत. ज्याची जमीन वंशपरंपरेची तो मिरासदार, आणि बाहेरून येऊन गावची जमीन कसणारा, पण तिच्यावर वंशपरंपरेचा हक्क नसलेला तो उपरी. गावात राहायचे, राबायचे, सारा भरायचा, परंतु माती आपली म्हणायची नाही. इस्राएलमधील गेर नेमका असाच होता. स्वतःचे कूळ, स्वतःचा देश सोडून तो दुसऱ्यांच्या वस्तीत राहायला आलेला असे. जमिनीचा वारसा त्याला नसे आणि न्यायाच्या वेळी पाठीशी उभे राहायला भाऊबंद नसत. याशिवाय नोखरी म्हणून आणखी एक शब्द आहे. तो वाटसरू, व्यापारी, केवळ येऊन जाणारा परदेशी. दोघांना एकच नियम नव्हता. परदेश्याकडून व्याज घेण्यास अनुवादाच्या पुस्तकात मुभा आहे. उपऱ्याला मात्र शब्बाथाची विश्रांती, शेताच्या कडेचे पीक, आश्रयाच्या नगरांचे संरक्षण आणि देशी माणसाइतकाच न्याय मिळाला पाहिजे, असे निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद ही पुस्तके पुन्हा पुन्हा बजावतात. यहुदी रब्बींच्या एका मोजणीप्रमाणे ही ताकीद नियमशास्त्रात ३६ वेळा आली आहे. कारणही प्रत्येक वेळी जवळपास तेच दिले आहे, की मिसर देशात इस्राएल लोक स्वतः उपरी होते.

आता आपल्या चरित्रनायकाकडे वळू.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात बुश्टन या खेड्यात झाला. वडील व्यापारी होते. राणी एलिझाबेथ १५५८ साली गादीवर आली आणि त्यानंतर कॅथलिक असणे हे इंग्लंडमध्ये हळूहळू राजद्रोहासारखे झाले. मिस्सा चोरून होऊ लागली. तरुण थॉमस आणि त्यांचे मित्र थॉमस पाऊंड या दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करायचे ठरविले. निघण्यापूर्वीच पाऊंड पकडले गेले. त्यांच्या आयुष्यातील सुमारे तीस वर्षे पुढे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी संत आंद्रेयाच्या नवशिष्यालयात दाखल झाले. मित्राला ते विसरले नाहीत. तुरुंगातील पाऊंड यांना संघात घ्यावे अशी विनंती त्यांनी वरिष्ठांकडे केली आणि पाऊंड यांना तुरुंगात असतानाच संघाचे सभासदत्व मिळाले.

ज्या देशात जन्म घेतला त्या देशात स्वतःच्या श्रद्धेनिशी राहता येत नाही, अशी ही स्थिती होती. भारतात येण्याआधीच स्टीफन्स उपरी झाले होते, हे ध्यानात ठेवावयास हवे.

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून गोव्याकडे निघाले. या प्रवासाचे वर्णन त्यांनी गोव्यास पोहोचल्यावर, १० नोव्हेंबर १५७९ रोजी, वडिलांना लिहिलेल्या पत्रात केले आहे. इंग्लंडमध्ये रिचर्ड हॅकलुट यांनी ते १५८९ साली आपल्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात छापले. पत्र वाचताना लिहिणारा धर्मप्रसारक आहे हे क्षणभर विसरायला होते. उडणारे मासे, विषुववृत्ताजवळचा कोंडलेला उकाडा, वारा पडल्यावर दिवसेंदिवस जागच्या जागी थांबलेले जहाज, दिशा ओळखण्याची खलाशांची कला, सारे त्यांनी कुतूहलाने टिपले आहे. आफ्रिकेचे टोक ओलांडल्यावर प्रवाहांनी जहाज भरकटले. भारत जवळ आला असे समजत असता ते सोकोत्रा बेटाच्या आसपास निघाले. हिरड्या सुजविणाऱ्या आणि अंग काळेनिळे करणाऱ्या रोगाने जहाजावरील दीडशेहून अधिक लोक आजारी पडले, २७ जण दगावले. इतर वर्षांच्या मानाने हे नुकसान थोडे समजले गेले, ही नोंदही त्यांनी केली आहे. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी जहाज गोव्याला लागले. भारतात येऊन कायमचा राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज तो हाच.

गोव्यात त्यांना पुढील वर्षी गुरुदीक्षा मिळाली आणि त्यांची नेमणूक साष्टीत झाली. ही साष्टी म्हणजे ठाण्याजवळची आपली साष्टी नव्हे. मडगाव, राशोल आणि कुंकळ्ळी ज्या प्रदेशात येतात ती दक्षिण गोव्यातील साष्टी. पुढील जवळजवळ चाळीस वर्षे, काही अपवाद वगळता, ते तिथेच राहिले. काही काळ साष्टीच्या कॉलेजचे रेक्टर झाले, पण बहुतेक काळ ते गावोगावच्या ख्रिस्ती लोकांचे साधे धर्मगुरू होते. पोर्तुगीज नोंदींत त्यांचे नाव पाद्री एस्तेव्हांव असे येते.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पवित्र शास्त्रातला उपरी हा दुबळा असतो. अनाथ आणि विधवा यांच्या पंक्तीत त्याची गणना होते. साष्टीत आलेले मिशनरी तसे दुबळे नव्हते. त्यांच्यामागे पोर्तुगीज राजसत्ता होती. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन सुरू झाले होते. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडली गेली होती. हिंदूंच्या सणांवर, विधींवर आणि ग्रंथांवर बंदी होती. अंबरनाथचे इ. स. १०६०चे शिलाहारकालीन शिवमंदिर आपण येता-जाता पाहतो. तशी, गावाच्या कित्येक पिढ्यांनी जपलेली देवळे साष्टीत राहिली नाहीत. बाहेरून आलेला माणूस जेव्हा सत्ताधाऱ्यांबरोबर येतो, तेव्हा आपल्याच भूमीत उपरे होण्याची पाळी गावकऱ्यांवर येते. फादर स्टीफन्स यांचे चरित्र सांगताना हा भाग वगळला तर त्यांच्या कार्याचे मोलही नीट कळत नाही.

१५८३ हे साल त्यांच्या आयुष्यात फार महत्त्वाचे ठरले. तेव्हा त्यांचे वय सुमारे ३४ वर्षांचे होते. त्या वर्षी जुलै महिन्यात रूदोल्फ आक्वाव्हिवा यांच्यासह पाच येशूसंघीय कुंकळ्ळीला गेले. चर्चसाठी जागा पाहावी आणि क्रूस उभारावा असा त्यांचा हेतू होता. देवळे पाडली गेल्याने आणि करांच्या बोज्याने कुंकळ्ळीचे लोक आधीच संतापलेले होते. त्यांनी या पाच जणांना आणि त्यांच्याबरोबरच्या काही ख्रिस्ती माणसांना ठार मारले. आक्वाव्हिवा हे अकबर बादशहाच्या दरबारात तीन वर्षे राहून नुकतेच परतले होते. ख्रिस्तसभेने या पाच रक्तसाक्षींना १८९३ साली धन्यवादित घोषित केले. त्यांचे देह परत मिळवून त्यांना मूठमाती देण्याचे काम फादर स्टीफन्स यांच्या वाट्याला आले. हे सारे त्यांचे सहकारी होते, रोजच्या ओळखीचे होते.

पुढे सरकारने सूड घेतला. कुंकळ्ळीच्या गावकर प्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविले आणि चौकशीवाचून मारले. एक जण तेवढा निसटला असे सांगतात. कुंकळ्ळीत आज या प्रमुखांचे स्मारक आहे आणि मारल्या गेलेल्या धर्मगुरूंच्या स्मरणार्थ चॅपलही आहे. दोन्ही बाजूंच्या रक्ताने भिजलेल्या त्या तालुक्यातच फादर स्टीफन्स यांनी आणखी साडेतीन दशके काढली. बदली मागून घेणे त्यांना शक्य झाले असते की नाही ते सोडा, पण ते राहिले, आणि तिथल्या लोकांची भाषा शिकत राहिले. माझ्या मते त्यांच्या जीवनातील कसोटीची वेळ ही होती. ख्रिस्तपुराण हे तिचे बऱ्याच वर्षांनी आलेले फळ म्हणता येईल.

त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला त्यांनी पॅरिसमध्ये असलेल्या आपल्या भावाला, रिचर्ड यांना, एक पत्र लिहिले. त्यात या देशातील भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे असे निरीक्षण आहे. युरोपातील विद्वानांनी हा विषय गंभीरपणे हाती घेण्याआधी दोनशे वर्षे एका खेड्यातील धर्मगुरूच्या ते ध्यानात आले होते.

आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एक अशी घटना घडली की जिच्यात हिब्रू शास्त्रातील दोन्ही शब्द, गेर आणि नोखरी, समोरासमोर आले. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स आणि जेम्स स्टोरी असे चार इंग्रज राणी एलिझाबेथची अकबर बादशहाच्या नावाची पत्रे घेऊन खुष्कीच्या मार्गाने निघाले होते. न्यूबेरी आणि फिच व्यापारी, लीड्स रत्नपारखी, स्टोरी चित्रकार. ओर्मूझ येथे पोर्तुगिजांनी त्यांना हेर समजून पकडले आणि गोव्याला पाठविले. नोव्हेंबरच्या अखेरीस ते गोव्याच्या तुरुंगात होते. पोर्तुगाल तेव्हा स्पेनच्या राजाच्या अंमलाखाली होता आणि स्पेन व इंग्लंड यांचे वैर वाढत चालले होते. वर हे चौघे प्रोटेस्टंट राणीचे प्रजाजन. त्यांची बाजू घेणारे गोव्यात कोण असणार?

त्यांची बाजू फादर स्टीफन्स यांनी घेतली. ज्या राणीच्या राज्यात त्यांना स्वतःला राहता आले नाही, ज्या राज्यात त्यांचा जिवलग मित्र तुरुंगात खितपत होता, त्याच राज्याची ही माणसे होती. शिवाय स्वतः इंग्रज असल्यामुळे अशा कामात पडणे त्यांच्या दृष्टीने सोयीचे नव्हते. तरीही एका फ्लेमिश येशूसंघीयाच्या साहाय्याने त्यांनी वरिष्ठांकडे रदबदली केली, जामिनाची व्यवस्था झाली आणि नाताळाच्या काही दिवस आधी, २२ डिसेंबर १५८३ रोजी, कैदी सुटले. चित्रकार स्टोरी यांना येशूसंघीयांनी आपल्या चर्चच्या चित्रकामास ठेवून घेतले. बाकीचे तिघे गोव्यात राहून व्यापार करू लागले, पण छळाची भीती वाटल्याने एप्रिल १५८४ मध्ये गुपचूप पळून विजापूरकडे गेले. लीड्स पुढे अकबराच्या चाकरीस राहिले. न्यूबेरी मायदेशी पोहोचले नाहीत. फिच १५९१ साली लंडनला परतले. पुढे १६०० साली ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली, तेव्हा भारताची प्रत्यक्ष माहिती असलेल्या मोजक्या इंग्रजांत त्यांची गणना होती. त्या कंपनीने पुढे काय केले ते आपण जाणतोच. दया दाखविणाऱ्याला तिचे पुढचे धागेदोरे दिसत नसतात.

नियमशास्त्रात उपऱ्याशी कसे वागावे हे सांगताना इस्राएलला आपली मिसरमधील अवस्था आठवायला सांगितले आहे, ते उगाच नाही. तुरुंगाच्या दाराशी उभ्या असलेल्या फादर स्टीफन्स यांना परक्या देशात एकट्या पडलेल्या माणसाचे मन दुसऱ्या कोणी समजावून द्यावे लागले नसेल.

आपल्या भागातील वाचकांना हा विषय अधिक जवळचा वाटावा. उल्हासनगर हे गावच मुळी उपऱ्यांसाठी वसले. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत १९४७नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसवून या वस्तीला उल्हास नदीवरून नाव देण्यात आले. जुने लोक आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. अंबरनाथ आणि बदलापूर इथे कारखान्यांमुळे, मग मुंबईत घर परवडत नाही म्हणून, माणसे येत राहिली. रविवारच्या मिस्सेला आपल्या शेजारच्या बाकावर वसईचा, गोव्याचा, मंगळूरचा, केरळचा माणूस असतो. इथला मूळचा कोण, हा प्रश्न विचारला तर बोटे फार थोड्यांकडे वळतील. कोकणपट्टीत तर बेने इस्राएल समाज शतकानुशतके राहिला. हिब्रू शास्त्र हीच ज्यांची ओळख, ते लोक कुलाब्यात आणि ठाण्यात तेलाचे घाणे चालवीत, मराठी बोलत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. पवित्र शास्त्रातील उपरी आपल्या दारापर्यंत आलेला होता तो असा.

परंतु हेही सांगावयास हवे की जुन्या करारात या बाबतीत एकच सूर नाही. मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही, असे अनुवादाचे पुस्तक सांगते. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांना एज्रा आणि नहेम्या यांनी परक्या बायका सोडून द्यावयास लावले. आणि त्याच शास्त्रसंग्रहात रूथचे छोटे पुस्तक आहे. रूथ मवाबी होती. बवाजाशी बोलताना ती स्वतःसाठी नोखरी या शब्दाचे स्त्रीरूप वापरते, म्हणजे उपरी म्हणवून घेण्याचाही हक्क तिला वाटत नाही. तरी उपरी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी राखलेला सरवा ती वेचते आणि पुढे दावीद राजाची पणजी होते. मत्तयाने प्रभू येशूच्या वंशावळीत तिचे नाव आवर्जून घातले आहे. एकाच ग्रंथसंग्रहात भिंत बांधणारे आणि दार उघडणारे दोघेही बोलतात. साष्टीतही तेच होते. तिथे देवळे पाडणारा कॅप्टन होता आणि ओव्या रचणारा पाद्री होता, दोघेही एकाच राजाच्या जहाजांतून आलेले.

त्या ओव्यांचा जन्म कसा झाला हे ग्रंथाच्या आरंभी कवीनेच सांगितले आहे. धर्मशिक्षण चालू असता एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने त्यांच्यापुढे आपली अडचण मांडली. पूर्वीची पुराणे आम्हाला मना केली, तर वेळ घालवायला आणि मनाचे समाधान करायला दुसरे पुराण तरी आम्हाला का देत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. ही तक्रार साधी नव्हती. धर्म बदलला तरी कान तेच होते. ज्या माणसाने बालपणापासून ओवीच्या चालीत देवाच्या कथा ऐकल्या, त्याला प्रश्नोत्तरांची कोरडी पुस्तिका पुरणार नव्हती. फादर स्टीफन्स यांनी ही उणीव मान्य केली आणि ती भरून काढण्याचे काम अंगावर घेतले.

त्यांनी ओवी घेतली, ज्ञानदेव आणि एकनाथ यांची ओवी. संत एकनाथ १५९९ साली निवर्तले, म्हणजे दोघे समकालीन होते. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात ३६ अवस्वरू म्हणजे अध्याय असून त्यात जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा आहे, आदाम, नोहा, आब्राहाम, मोशे, दावीद आणि संदेष्टे. दुसऱ्या पुराणात ५९ अवस्वरू असून त्यात प्रभू येशूचे चरित्र आहे. एकूण ओव्या जवळपास ११ हजार. भाषा मराठी, पण साष्टीतील लोकांना समजावी म्हणून कोकणी शब्द मोकळेपणाने मिसळलेले. स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात. ज्या शब्दांना त्यांचे कित्येक सहकारी दूषित समजत, ते शब्द त्यांनी देवघरात आणून ठेवले. हिब्रू लोकांच्या भटकंतीची, गुलामगिरीची आणि परत येण्याची गोष्ट मराठीत इतक्या विस्ताराने प्रथमच सांगितली गेली, आणि सांगणारा स्वतः देशोधडीला लागलेला माणूस होता.

आब्राहामाच्या गोष्टीत सारा मरण पावल्यावर तिला पुरण्यासाठी त्याच्याजवळ हातभरही जमीन नसते. हेथी लोकांपुढे तो आपण उपरी आणि पाहुणा असल्याचे सांगतो आणि मकपेलाची गुहा ४०० शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतो. देवाने ज्याला सारा देश वचनात दिला त्याला थडग्यापुरती जागा विकत घ्यावी लागते. लेवीयाच्या २५व्या अध्यायात तर देव सर्व इस्राएललाच सांगतो की जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ राहणारे उपरी आहात. गावगाड्याच्या भाषेत बोलायचे तर तिथे मिरासदार एकटा देव.

ग्रंथ देवनागरी लिपीत छापावा अशी फादर स्टीफन्स यांची फार इच्छा होती. १६०८ साली त्यांनी रोमला येशूसंघाच्या जनरलना पत्र लिहून येथील लिपीचे ठसे तयार करण्याची परवानगी मागितली. अक्षरांची रूपे सहाशेच्या घरात जातात, पण ती दोनशेपर्यंत आणता येतील, असा हिशेबही कळविला. कोणत्या अक्षराला कोणती मात्रा जोडता येईल याचा विचार करीत बसलेले साठीच्या घरातले हे धर्मगुरू डोळ्यांपुढे आणावेत. ते ठसे झाले नाहीत. १६१६ साली राशोल येथे ख्रिस्तपुराण छापले गेले ते रोमन लिपीत. चर्चमध्ये रविवारी आणि सणांच्या दिवशी, उपासनेनंतर, ते मोठ्याने वाचले जाऊ लागले.

१६१९ साली गोव्यात त्यांचे निधन झाले. वय सत्तरच्या आसपास होते. इंग्लंड सोडल्यानंतर ते पुन्हा कधीही तिकडे गेले नव्हते. त्यांची कोकणीतील धर्मशिक्षणाची पुस्तिका १६२२ साली, आणि कोकणीचे व्याकरण इतर येशूसंघीयांनी भर घालून १६४० साली राशोललाच छापले. भारतातील आधुनिक भाषेचे पहिले छापील व्याकरण म्हणून त्याचा उल्लेख होतो. ख्रिस्तपुराणाच्या १६४९ आणि १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या.

त्यानंतर वारे फिरले. २७ जून १६८४ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर यांनी हुकूम काढला की गोव्यातील लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. परक्याने जी भाषा कष्टाने आपलीशी केली, तीच भाषा तिच्या स्वतःच्या घरात परकी ठरविली गेली. पहिल्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

तरीही ग्रंथ टिकला. सतराव्या आणि अठराव्या शतकांत दुष्काळ, कर, युद्धे आणि इन्क्विझिशन यांना कंटाळून हजारो गोवेकर ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेकडे कानडा मुलखात जाऊन राहिली. मंगळूर आणि आसपासच्या गावांत ही माणसे उपरी म्हणून वसली आणि त्यांच्या पेट्यांतून ख्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रती तिकडे गेल्या. १७८४ साली टिपू सुलतानाने त्यांना पकडून श्रीरंगपट्टणला नेले. ते १७९९पर्यंत बंदिवासात होते. त्या वर्षांत धर्मगुरू नसताना हे पुराण वाचून लोकांनी धीर धरला, अशी आठवण त्या समाजात जपलेली आहे. बाबेलमध्ये बसलेल्यांच्या कथा बंदिवासात बसलेल्यांनी मराठी ओव्यांत वाचल्या. याच मंगळूरकरांच्या हस्तलिखितांवरून जोसेफ एल. सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला ख्रिस्तपुराण रोमन लिपीत पुन्हा छापले. मधे अडीचशे वर्षे गेली होती.

देवनागरीची गोष्ट याहून नवलाची. लंडनमध्ये विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहात ख्रिस्तपुराणाचे देवनागरी लिपीतील हस्तलिखित पडून होते. मराठी संतवाङ्मयाचे अभ्यासक जस्टिन ॲबट यांनी १९२०च्या दशकात त्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यात देवनागरी आवृत्ती सिद्ध केली. कर्त्याची १६०८ची इच्छा पुरी व्हायला ३४८ वर्षे लागली. त्यानंतर फादर कारिदाद द्रागो यांची आवृत्ती १९९६ साली आली. सलेशियन धर्मगुरू फादर नेल्सन फलकाव यांनी लंडनच्या हस्तलिखिताचा अभ्यास करून आजच्या मराठी गद्यासह ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध केला. ज्यांना ओवीची जुनी भाषा अवघड वाटते त्यांनी त्या गद्यापासून सुरुवात करावी, आणि जमेल तेव्हा पहिल्या पुराणातील एखादा अवस्वरू घरच्यांसमोर मोठ्याने वाचावा. तो मुळात मोठ्याने वाचण्यासाठीच लिहिलेला आहे.